मुतखड्याच्या नावावर मुंबई

कणकवलीहून निघालेली एसटी परळच्या डेपोत शिरली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मुंबई मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ज्या कामासाठी आलो होतो ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तरी इथे लिहितो. आपल्या कॉलेजच्या अंकात दर वर्षी किल्ल्यांची प्रवासवर्णनं येतात, दवाखान्याचं एकही येत नाही.

काम असं होतं. माझ्या लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे सरत नव्हती. लहानपणी ती बहुतेकांची घट्ट असते, पुढे आपोआप सैल होते. माझी विशीतही तशीच राहिली. जरा जोर केला की बारीक चिरा पडून आग व्हायची. गावच्या डॉक्टरांनी गिरगावातल्या एका सर्जनकडे जायला सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं कळतं असा आईबाबांचा समज आहे. त्यांनी काय झालंय म्हणून विचारलं, तेव्हा तोंडात येईल ते बोलून गेलो, "मुतखडा."

हा मुतखडा माझ्याआधी लालबागला पोचला होता. मिरच्या कुटायच्या गल्लीतून शिंकत शिंकत मावशीच्या चाळीत शिरलो, तर मावशी दारातच पेला घेऊन उभी. त्यात कुळथाचं कढण (कुळीथ शिजवून गाळलेलं पाणी) होतं.

"मावशी, आधी चहा..."

"चाय मागसून. कुळीथ पोटात गेल्याशिवाय खडो पडाचो नाय. पी गपचूप."

मी प्यालो. मग शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं) आणून दिली. तीही खाल्ली. दुपारी जेवणात पुन्हा कुळीथच, शिवाय सुरणाची भाजी. काका, म्हणजे मावशीचे यजमान, फारसं बोलत नाहीत. त्यांनी सुरण दिसताच ताट मागे ओढलं.

"ह्यांका सुरण चालत नाय," मावशी म्हणाली. "का ता देवाक म्हायत. लग्न झाल्यापासून बघतंय."

काकांनी भात कालवायला घेतला.

चार वाजता बसने गिरगावात गेलो. सर्जन वयस्कर होते, आवाज शांत. पडद्यामागे तपासलं आणि हात धुता धुता म्हणाले, "सुंता करून टाकू. छोटं काम आहे. शनिवारी उपाशीपोटी ये."

दुसरा काही उपाय आहे का, हे मला विचारायचं होतं. एसटीत रात्रभर ते वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "हो सर."

बाहेर आलो. ठाकूरद्वारच्या बाजूला चालत एका जुन्या उपाहारगृहात शिरलो. पीयूष (केशर घातलेलं श्रीखंडासारखं गोड पेय) मागवलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. समोरच्या खुर्चीवरचे आजोबा साबुदाणा वडा खात होते.

"काय रे, परीक्षेत आपटलास काय?"

"नाही आजोबा. एक विचारू? एका डॉक्टरांना हो म्हटलं आणि मग दुसऱ्यांकडे दाखवलं, तर पहिल्यांना राग येतो का?"

आजोबांनी वडा चटणीत बुडवला. "आमची ही साडी घ्यायला दादरला जाते. पाच दुकानं पालथी घालते, गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावते आणि परत पहिल्याच दुकानात येते. तो दुकानदार काय तिला मारतो? आणि ती तर नुसती साडी. तुझं तर अंग आहे लेका."

पीयूष एकदम गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. मूत्रविकारांच्या ओपीडीबाहेरची रांग जिन्यापर्यंत आली होती. बाकावर शेजारी एक टॅक्सीवाले होते.

"स्टोन?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती एमएमचा?"

मी अंदाजाने म्हणालो, "पाच."

"पाच? अरे पाचचा काय स्टोन असतो? माझा नऊचा आहे!" मग त्यांनी पलीकडच्यांनाही सांगितलं, "पोरगा पाचचा घेऊन आलाय." बाकावर सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

आत गेलो तर खुर्चीत एक तरुण बाई डॉक्टर. "मॅडम, मला... म्हणजे सर नाहीत का?"

"येतील. तोवर मला सांग. दिवसभर मी हेच ऐकते. तू लाजलास तर फक्त रांग वाढेल."

मी सांगितलं. लघवी अडते का, कातडी फुग्यासारखी फुगते का, जळजळ, पू, घरात कुणाला मधुमेह, असं सगळं त्यांनी विचारलं. मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी तपासलं आणि मान हलवली. "कातडी मऊ आहे. पांढरा, कडक व्रण नाही. याला लगेच कापायची गरज नाही."

एवढं ऐकलं आणि मला खरंच रडू येईल असं वाटलं.

पुढचं मॅडमनी समजावलं. घट्ट भागावर पातळ थर लावायचं एक स्टेरॉइडचं मलम, तेही सांगितलं तेवढेच आठवडे. कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर कातडी हलकेच, ताण जाणवेल इतकीच मागे ओढायची. दुखलं की थांबायचं. जोर केला तर चिरा पडतात आणि ती आणखी घट्ट होते. "आणि मागे सरली की लगेच पुढे आणायची, विसरायचं नाही. मागेच अडकून सूज आली तर लाजत बसू नकोस, ताबडतोब दवाखाना." रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगितली. ती ठीक निघाली. मलमाने नाहीच जमलं तर कातडी ठेवून करायची छोटी शस्त्रक्रियाही असते, सुंता त्याच्याही नंतर. पण आधी मलम.

मलम लालबागला घ्यायची छाती नव्हती. दादरला फुलांच्या बाजाराजवळ एक औषधाचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे चेहऱ्याला नाही हं लावायचं!"

"नाही नाही," मी म्हणालो. "चेहऱ्याला बिलकुल नाही."

तिथून गिरगाव. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण शनिवारची माझी जागा धरून ठेवली होती, म्हणून समोर जाऊन सांगणं बरं वाटलं. सर्जनसमोर उभा राहिलो आणि एका दमात बोललो, "सर, मी शनिवारी येणार नाही. आधी मलम लावून बघणार आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघ की. बऱ्याच जणांना गुण येतो. नाही आला तर ये."

बस्स. एवढंच. मग मला आधी का नाही सांगितलंत, हा प्रश्न मला ठाकूरद्वारच्या नाक्यावर सुचला. परत फिरलो नाही. एका दिवसात तेवढंच धाडस पुरे होतं.

परतीच्या संध्याकाळी काका मला सोडायला डेपोपर्यंत आले. मावशीने पिशवीत कुळीथ बांधून दिले होते. गाडी लागायला वेळ होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "खड्याक मलम कोण लावता रे?"

मोरीतल्या फळीवर मी ट्यूब विसरलो होतो, ते तेव्हा आठवलं.

"माकाय (मलाही) तसोच खडो होतो," काका म्हणाले. "लग्नाआधी. आयेक मी मूळव्याध सांगितलंय."

"मग?"

"मग काय? सहा म्हयने सुरण."

मला हसू आवरेना. तेही हसले, खांदे हलवत, आवाज न करता.

"आणि शेवटी, काका?"

"डॉक्टर म्हणालो कापूया. मी म्हटलंय, बरा. वाईट काय झाला नाय. पण दुसरा काय करूक येता काय, ह्या इचारूचा असता ता माका म्हायतच नव्हता." त्यांनी ट्यूब खिशातून काढून माझ्या हातात दिली. "तू इचारलंस. बरा केलंस."

गाडी सुटली.

या गोष्टीला आता काही महिने झाले. मलमाने आणि घाई न करण्याने कातडी सैल झाली. तो शनिवार आला तसा गेला. चाळीत मात्र माझा पाच एमएमचा खडा (तिलाही मी पाचच सांगितला होता) कुळथाने पाडला असं मावशी सांगते, आणि शेजारी कुणाला पोटात दुखलं की माझं उदाहरण देते. तिचं समाधान मी मोडलेलं नाही. काकांची गोष्ट त्यांना विचारूनच लिहिली आहे. ते म्हणाले, "लिही. माझा नाव नको. आणि सुरणाचा जरूर लिही."