नाखवांची चिप

कुठलीही वस्तू घेताना नाखवा किमतीच्या आधी विचारायचे, "ही बंद पडली तर मी कुणाच्या दारात उभं राहायचं?"

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना होता. बोट समुद्रात कुठे आहे ते किनाऱ्यावर कळवणारे डबे आम्ही बनवायचो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मीच, हे मी छाती काढून सांगतो. नाखवाही मला नावानं नाही, 'इंजिनेर' म्हणूनच हाक मारायचे.

त्यांच्या वडिलांची छोटी होडी होती. ऐन हंगामात बर्फ आधी मोठ्या ट्रॉलरांना मिळायचा. एकदा वाट पाहता पाहता होडीभर बांगडा धक्क्यावरच कुजला. नाखवांनी पुढे मासेमारीतून पैसे जमवून पहिला घेतला तो बर्फाचा कारखाना. "जाळं आपलं, होडी आपली, बर्फ परक्याचा. मग मासळी कुणाची रे?"

मग चिपचा दुष्काळ पडला. पुरवठादार आधी मोबाईल आणि मोटारवाल्यांना माल द्यायचे, आमच्या मेलला उत्तरसुद्धा नाही. रिकामे डबे छतापर्यंत रचले गेले. डबे जोडणाऱ्या बायका कामावर यायच्या, हात बांधून बसायच्या आणि घरी जायच्या. अशात परराज्यातला एक छोटा, जुना चिपचा कारखाना विकायला निघाला. आमची चिप जुन्याच पद्धतीची, त्यामुळे तिथे होण्यासारखी होती.

"नाखवा, हा बर्फाचा कारखाना नव्हे. घेतला तरी चांगली चिप निघायला वर्ष जाईल."

"आणि नाही घेतला तर?"

त्यांनी स्वतःचे ट्रॉलर विकले, बर्फाचा कारखानाही विकला आणि तो चिपचा कारखाना घेतला. मला त्यांनी तिकडे धाडलं. पहिला माल सगळा बाद. दुसराही. मी फोनवर रडलो, तर म्हणाले, "रडतोस काय मेल्या, परत टाक."

इकडे रत्नागिरीत पगार थकले. बायका एकेक करून काजूच्या कारखान्यात गेल्या आणि नाखवांनी स्वतःच्या हातानं डब्यांच्या कारखान्याला कुलूप घातलं. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला.

चिप चालली तेव्हा मी ती घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती डाव्या हातात धरली. उजवा उचलला जात नव्हता.

"आपल्या डब्यात बसते?"

"बसते."

"मग सुलभाला लाव फोन. उद्या सगळ्यांना बोलव."

सुलभाताई आमच्या कामगार बायकांच्या मुकादम. मी बाहेर पडवीत जाऊन फोन लावला. त्यांच्या मागे काजू फोडण्याचा आवाज येत होता. मी त्यांना सगळं सांगितलं.

"आता कोण येतंय रे बाळा," त्या म्हणाल्या. "पण त्यांना हो सांग."

मी आत जाऊन सांगितलं, येतायत. नाखवांनी सुनेला हाक मारली आणि उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला सांगितली.