तीन टोप्या

"बसली आहे ना नीट? बोलते आहे ना? मग पाच लिहा."

सर हे तिच्या तोंडावर बोलले. अर्धापूरकडची बाई, केळीच्या बागेत मजुरीला जाणारी. नवऱ्याने आधी कडी घालून बळजबरी केली, मग तापलेला तवा पाठीला लावला. तिला मागे टेकता येत नव्हतं. त्यालाच सर नीट बसणं म्हणत होते.

मी पन्नाशीचा माणूस. नांदेडच्या एका आधारगृहात फॉर्म भरायचं काम मिळालं होतं; सर तिथले प्रमुख. अशा बायका कितपत सावरल्या, ते एक ते पाच आकड्यांत मोजायचं. पाच म्हणजे पुरती सावरलेली. आकडा मोठा आला की बाईला घरी पाठवायचं. खाटा कमी होत्या.

मी प्रश्न वाचला. "संकटातून मी लवकर सावरते. किती?"

"सावरायला येळ कुठं हाय, साहेब? एक मार उतरला न्हाई की दुसरा."

सर हसले. "बघा, विनोद सुचतो बाईला. पाच."

"घरी जाता का?" मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

"न्हाई. ह्या बारीला जित्ती सोडणार न्हाई त्यो."

तिला न्यायला तिचा भाऊ आला होता. दारात उभा. खांद्यावर नवा टॉवेल, डोक्यावर नवी टोपी, घडीसुद्धा मोडलेली नाही. आमच्याकडे मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीला भाऊच परत पोचवतो. सासरचे त्याला टॉवेल-टोपी करतात. मिटलं म्हणतात.

मी तीनदा घेतली आहे.

माझी धाकटी बहीण औशाला दिलेली. पहिल्यांदा आली तेव्हा दात पडलेला. दुसऱ्यांदा मनगट मोडलेलं, ते पुढे नीट जुळलंच नाही. तिसऱ्यांदा नवऱ्याने दोन दिवस कोंडून तिचं काय केलं, ते ती आईला सांगत होती. मी भिंतीआडून ऐकलं. सगळं ऐकलं. तरी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवलंच. ती म्हणाली, "अण्णा, तू नको येऊस. तू आलास की त्यांना जोर येतो." मी गेलो. मटण जेवलो. टोपी घालून घेतली. निघताना ती माझं ताट घासत होती, एका हाताने.

"लिहा," सर म्हणाले. "तुम्हाला वाचता येतं म्हणून ठेवलंय. डोकं चालवायला नाही."

मी आकड्याची जागा रिकामी ठेवली. खाली लिहिलं, बाई घरी जायला तयार नाही, पाठवल्यास जिवाला धोका. सही केली. सरांनी कागद फाडला. मी दुसरा घेतला, तेच लिहिलं. त्यांनी माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. तोंडात रक्त आलं. एवढ्याशा रक्ताची चव बहिणीला किती वर्षं माहीत आहे, ते तेव्हा कळलं.

भाऊ मध्ये आला. "साहेब, आमचं मिटलंय की."

"तिला विचार," मी म्हणालो. तो टोपी चाचपत राहिला.

ती त्या दिवशी गेली नाही. माझं काम गेलं.

तीन टोप्या अजून माझ्या पेटीत आहेत. उद्या औशाला जातो आहे. बहिणीकडे माफी मागणार नाही, तो भार तिच्यावर कशाला. येते म्हणाली तर आणीन. तक्रार करते म्हणाली तर पहिला जबाब माझा. टोप्या पोलिसांच्या टेबलावर ठेवीन आणि सांगेन, तो मारत होता हे मला माहीत होतं, आणि ह्या घेऊन मी तिला तीनदा त्याच्या हाती दिली. माझंही नाव लिहा.