पोटनियमातला जॅझ

"सर, आपल्या कॉलेजात जॅझ वाद्यवृंद हाय?" चेअरमन आबांनी विचारलं.

मी बसलेलो होतो म्हणून बरं. वाद्यवृंद होता, पण फक्त वार्षिक अहवालात, आणि तिथं तो मीच घातला होता. विद्यापीठानं बी.ए. संगीताच्या तिसऱ्या वर्षाला 'जॅझचा इतिहास' हा नवा पेपर लावला. अहवालाच्या फॉर्मवर 'प्रात्यक्षिकाची सोय' असं विचारलेलं. मी लिहिलं, 'विभागाचा स्वतःचा जॅझ वाद्यवृंद आहे.' माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते खरं वाटलं असावं. आता गुरुवारी विद्यापीठाची समिती येणार होती, आणि पत्रात होतं की वाद्यवृंद ऐकवावा.

आबा आमच्या शिक्षण संस्थेचे चेअरमन, आणि साखर कारखान्याचेही. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. ऊसच नाही म्हटल्यावर कारखाना बंद, आणि कारखान्याच्या जिवावर चालणारं कॉलेज आता कुठं कात्री लावता येईल ते बघत होतं. संगीत विभागात विद्यार्थी नऊ आणि शिक्षक मी एकटा. समितीनं 'विभाग बंद करावा' असं लिहिलं की आबा सुटले आणि मी घरी. बावीस वर्षं तिथं शिकवत होतो. दुसरं मला काही येत नाही.

"आहे ना," मी म्हणालो. "सराव चालू आहे."

"कुठं? मला कावून ऐकू येत न्हाई?"

"दिंद्रुडला." तोंडात आलं ते गाव सांगून टाकलं. तिथं लग्नात वाजवणारे बँडवाले राहतात, एवढंच माहीत होतं.

आता जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मुलांना मी हेच डिक्टेट करायचो. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या हाती तिथं लष्करी बँडची जुनी वाद्यं आली. शेतावर राबताना म्हणायची गाणी, चर्चमधली भजनं, मयतीच्या मिरवणुका, हे सगळं त्यांनी त्या वाद्यांत ओतलं. आधी सगळे मिळून चाल वाजवतात. मग एकेक जण पुढं येऊन त्याच चालीवर आयत्या वेळी आपल्या मनाचं वाजवतो, याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. शेवटी पुन्हा सगळे चालीवर येतात. नोट्स उत्तम होत्या. जॅझ मात्र मी दोनच कॅसेटवर ऐकला होता, त्यातली एक घासलेली.

मंगळवारी सकाळी एसटीनं दिंद्रुडला गेलो. बशीरभाई क्लॅरिनेटवाले दारातच भेटले. तोंडात रीड धरून बसले होते. रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला लावतात ती पातळ पट्टी. ती ओली असल्याशिवाय वाद्य बोलत नाही.

"टँकर यायचाय. तवर तोंडातच भिजवायची," ते म्हणाले.

त्यांचे आजोबा निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. फौज गेली, क्लॅरिनेट घरात राहिलं आणि वरातीत आलं. हे ऐकून मला माझ्या नोट्सचं पहिलं पान आठवलं, पण मी घाईत होतो.

"बँडमास्तर कोण आहेत?"

"कुनीच न्हाई."

गोष्ट अशी होती. दुष्काळामुळे लग्नं पुढं गेलेली. तीन बँड आणि काम जेमतेम एकाला पुरेल इतकं. म्हणून तिघांनी मिळून सहकारी संस्था काढली. पण तीन बँडांचे मास्तरही तीन! त्यातले बशीरभाई आणि सॅक्सोफोनवाले शंकरआप्पा तर एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"मंग लई भांडलो, सर. निबंधकाच्या हाफिसातला बाबू म्हनला, सहकारात समदे सभासद सारखे, तसं पोटनियमात लिवा. लिवलं." बशीरभाईंनी रीड तोंडातून काढून नियम पाठ म्हणून दाखवला. "चाल समद्यांनी मिळून वाजवायची. मंग एकेका सभासदानं म्होरं येऊन आपल्या मनाचं वाजवायचं. बाकीच्यांनी ठेका सोडायचा न्हाई. शेवटी पुन्हा समद्यांनी चाल."

मी ओट्यावर बसलो. माझं डिक्टेशन सहकार खात्यानं मंजूर करून ठेवलं होतं.

"गुरुवारी कॉलेजात या," मी म्हणालो. "फक्त एक करा. दोन वर्षांपासून कॉलेजचे आहोत म्हणून सांगा."

बशीरभाईंनी विचार केला. "वाजवतो. पन झूट बोलायचं तर ठराव घ्यावा लागंल. सूचक मी होईन, अनुमोदक कुनी भेटनार न्हाई."

गुरुवारी टेंपोतून लाल कोट, सोनेरी झालर असे अकरा जण उतरले. समितीत तिघं. दोघं घड्याळ बघत होते. तिसऱ्या बाई होत्या, आणि माझं नशीब असं की त्यांनी जॅझ खरोखर ऐकलेला होता.

सगळ्यांनी वरातीची चाल वाजवली. आबांनी मान डोलावली. मग शंकरआप्पा पुढं आले. सॅक्सोफोन आधी सरळ चालला, मग वाकडा, मग असा वाकडा की आता हा माणूस चालीवर परत येत नाही असं वाटावं. आले. लगेच बशीरभाई उठले. शंकरआप्पांची शेवटची ओळ त्यांनी नाकातून बोलल्यासारखी वाजवून दाखवली आणि तिला स्वतःचं शेपूट लावलं. शंकरआप्पांना राहवेना. पाळी नसताना त्यांनी उत्तर दिलं. घड्याळ बघणारे दोघं पुढं सरकून बसले.

वाजवणं थांबल्यावर बाईंनी विचारलं, "ढोलवाल्यांना का पाळी नाही?"

"ते नाममात्र सभासद हायत. मत न्हाई, मंग पाळी कशी?" बशीरभाई म्हणाले.

बाई मोठ्यानं हसल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कॉलेजच्या वाद्यवृंदात कधीपासून आहात?"

बशीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. अनुमोदक अजूनही नव्हता.

"सर परवा आलते."

आबा माझ्याकडं बघायला लागले.

"दिंद्रुड इथून किती लांब?" बाईंनी मला विचारलं.

"एसटीनं पाऊण तास."

"बावीस वर्षांत यांना कधी ऐकलं नाहीत?"

ऐकलं होतं की. प्रत्येक लग्नात. मी शास्त्रीय संगीताचा माणूस, बँड सुरू झाला की पंगत धरायचो. त्याची लाज वाटली आणि ती अजून वाटते.

पंधरा दिवसांनी समितीचा अहवाल आला. आबांनी मोठ्यानं वाचला. "'जॅझ वाद्यवृंद असल्याचं विधान असत्य आहे. विभाग चालू ठेवावा. विद्यार्थ्यांनी आणि विभागप्रमुखांनी दर आठवड्याला दिंद्रुडला जाऊन शिकावं.'" कागद खाली ठेवून ते म्हणाले, "खोटं बी बोल्लात अन् नोकरी बी राह्यली. सर, तुमी कारखान्याच्या संचालक मंडळावर या बरं!"

पहिल्या शनिवारी नऊ मुलं आणि मी दिंद्रुडला पोचलो. मी वही काढली. बशीरभाईंनी ती मिटून बाजूला ठेवली.

"आधी ऐका," ते म्हणाले. "बावीस वर्सं तुमीच बोलत व्हते."

मी ऐकलं. निवृत्त होईपर्यंत ऐकत होतो.

धडा म्हणाल तर एवढाच: खोटं लिहिण्याआधी आसपास चौकशी करावी. ते खरं निघालं तर केलेलं पाप फुकट जातं.