वेगळं ताट

थायरॉइड भडकला होता, म्हणून नागपूरला मला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. "काही दिवस ताट वेगळं ठेवा, गरोदर बाईपासून लांब राहा," डॉक्टरांनी बजावलं.

इंझोरीला घरी आलो आणि माझं ताट ओसरीत वेगळं ठेवलं. बापानं ते दगडानं चेचलं.

"माह्या बापानं धरम बदलला, तो वेगळ्या ताटासाठी काय?"

मग माझ्या गरोदर बहिणीला दंडाला धरून त्यानं माझ्याकडं ओढलं. "याच्या ताटात जेव!"

"डॉक्टरनं सांगितलं हाय, बाळाले धोका हाय!" असं ओरडत मी मागं सरकलो, तरी तो थांबेना. तेच चेपलेलं ताट मी त्याच्यावर भिरकावलं. कपाळ फुटलं. बहिणीनं पदर दाबला.

रक्त पुसत बाप म्हणाला, "हाटेलात मले वेगळा कप देत, तवाच म्या असा फेकून माराले पाह्यजे होता."