कापूस बाजारातली भाऊबीज

माझ्या नणंदेने सबंध आयुष्यात एकही वस्तू विचार केल्याशिवाय विकत घेतली नाही, आणि नीट विचार केला की बहुतेक वस्तू घेण्यासारख्या नसतातच असं तिचं मत पडल्यामुळे तिची ट्रंक शेवटपर्यंत अर्धी रिकामी राहिली. घरातली थोरली लेक म्हणून सगळे तिला अक्का म्हणत. स्वातंत्र्य मिळून चार-दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी यावलच्या केळीच्या बागांतून अमळनेरला तिची वहिनी होऊन आले. माझी पात्रता म्हणाल तर गुडघ्यापर्यंत वेणी आणि त्या वेणीचा घोट्यापर्यंत पोचणारा गर्व. अक्का माझ्याहून थोडी मोठी, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. सासूबाईंनी ओळख करून दिली, "ही आमची अक्का. एम.ए. करतेय." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, करू दे, दुपारपर्यंत आटपेल.

अक्काचं अर्थशास्त्र पुस्तकात मावत नसे, ते घरभर सांडलेलं असे. भरताची वांगी घेऊन एक म्हातारी दारावर यायची. सासूबाई भाव पाडायच्या आणि अक्का बाहेर येऊन तो चढवायची. "मावशी, तू पहाटे खेड्यातून निघालीस. ते चालणं धरलंस का भावात?" म्हातारी हसायची. "चालनं कोन धरस, अक्का? पाय मनाच शेतस ना!" आपलेच असले तरी पायांचंही मोल असतं हे अक्काने तिला इतकं पटवलं की दुसऱ्या दिवशी तिने आम्हालाच वांगी महाग लावली, आणि आठवड्याभरात गावातल्या झाडून साऱ्या भाजीवाल्या आमच्या ओट्यावर टोपल्या उतरवू लागल्या. सासूबाईंनी अक्काला भाजी घ्यायची बंदी केली. मग ती पंगतीत शिरली. चुलत सासऱ्यांचे नवे जावई मांडे खायला बसले होते. सगळ्या बायका आग्रह करतायत, आणि ही वाढणारीचा हात धरून जावयांना समजावतेय, "पहिल्या मांड्याइतकं समाधान दुसऱ्यात नाही, दुसऱ्याइतकं तिसऱ्यात नाही. आता तुम्ही कशाकरता खाताय ते बघा." जावई बिचारे विचारात पडले आणि हात धुऊन उठले. त्यांच्या सासूने पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाही.

आबा, म्हणजे माझे सासरे, कापसाचे अडते. शेतकऱ्यांच्या गाड्या त्यांच्या पेढीपुढे सुटायच्या आणि अडत घेऊन ते माल विकून द्यायचे. त्या काळी बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि व्यापारी हातांवर एक रुमाल टाकायचे आणि त्याच्या आत एकमेकांची बोटं दाबायचे. कुठलं बोट, किती बोटं, पंजा की मूठ, त्यावर सौदा ठरायचा. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या रुमालाकडे देवाच्या मूर्तीकडे बघावं तसा बघत राहायचा; आत काय ठरलं ते दलाल सांगतील तेच त्याने खरं मानायचं. एकदा पारोळ्याकडचा एक जण रिकामी गाडी घेऊन आमच्या दारावरून जाताना अक्काला म्हणाला, "अक्का, बठ्ठा कापूस गया, पन काय भाव गया ते माले ठाऊक नही." त्याच दिवशी अक्काने प्रबंधाचा विषय ठरवला. एम.ए. प्रबंध लिहून करता येत असे. पुण्याचे एक सर तिला मार्गदर्शन करायचे. रुमालाखाली शेतकऱ्याचं किती बुडतं ते दाखवायचं आणि भाव उघड पुकारायला हवा असं सिद्ध करायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं. अडचण एवढीच की रुमालाखाली हात घालणारे सगळे पुरुष, आणि ही लग्नाची मुलगी.

म्हणून सरावाला मी. माझ्या पदराखाली आम्ही दोघी घरातल्या कामांचे सौदे करायचो. दळण कोणाकडे, धुणं कोणाकडे. तिने करंगळी दाबली की मला गुदगुल्या व्हायच्या, आणि हसण्याच्या भरात मी महिनाभराचं धुणं हरायचे. सासूबाई विचारायच्या, "पदराखाली काय चाललंय गं दोघींचं?" अक्का म्हणायची, "सौदा." "मग भाकरींचाही करून टाका, चूल विझलीय."

पुढे ती आबांच्या पेढीवर गोण्यांवर जाऊन बसू लागली. रुमालाच्या आतलं दिसत नाही, पण कोपर तर दिसतं? तिने कोपरांचा अभ्यास केला. कोपर असं ताठलं की दलाल अडून बसलाय, असं सैल पडलं की उतरायला तयार आहे. बाजारात तिची इतकी दहशत बसली की ती येताना दिसली की कोणीतरी ओरडायचं, "आबांची पोर आली रे, कोपरं सांभाळा!" आणि खानदेशातल्या त्या उन्हात भलेभले दलाल बाह्या मनगटापर्यंत ओढून घामाघूम व्हायचे.

तेवढ्यात धुळ्याचं स्थळ आलं. तेही अडत्याचंच घर. देण्याघेण्याचं बोलणं निघालं तशी दोन्ही बापांनी सवयीने हातांवर उपरणं टाकलं. अक्का चहा घेऊन गेली, मी दाराआड वेणी पुढे घेऊन उभी. तिने ट्रे ठेवला, पाहुण्यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आबा, चढू नका. यांच्या मनात निम्म्यावर उतरायचंय. कोपर ढिलं पडलंय."

चहा तसाच राहिला. पाहुणे गेले. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण पेढीवर मात्र हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगत होते, असं आमच्या यांनी मला सांगितलं. तिसऱ्या दिवशी आबांनी तिला समोर बसवलं. "हा येता हंगाम तुझा. प्रबंध पुरा झाला तर पुण्याला जा, शीक, शिकव, मी लग्नाचं नावही काढणार नाही. नाही झाला, तर मी म्हणेन तिथे बोहल्यावर उभी राहायचं."

"कबूल," अक्का म्हणाली. हाही सौदाच होता, फक्त रुमाल नव्हता.

आणि पुण्याहून सरांनी कळवलं की कोपरावरून काढलेले निष्कर्ष विद्यापीठ ग्राह्य धरणार नाही.

अक्का बाजारातल्या सगळ्यात जुन्या दलालाकडे गेली, रुमालाखाली मलाही हात घालू द्या म्हणाली. त्यांना सगळे नाना म्हणत. मी बरोबर होते. नाना दोन पावलं मागे सरले. "पोरी, तुझा हात हातात घेतला तर मला माझ्या घरी भाकर मिळायची नाही." मग गाल खाजवत बसले आणि म्हणाले, "एक कर. दिवाळीत भाऊबीजेला आम्हाला ओवाळ. भावाने बहिणीचा हात धरला तर कोण बोलेल?"

तशी भाऊबीज अमळनेरने पुन्हा पाहिली नसेल. बंद बाजारात ओळीने पाट मांडलेले, त्यावर मिशांचे दलाल टोप्या सावरून बसलेले, आणि अक्का एकेकाला ओवाळतेय. मागे मी तबक धरून, सगळे दागिने अंगावर घालून, जणू सोहळा माझाच आहे. सगळे माझ्याकडेच बघतायत अशी माझी खात्री होती. नंतर कळलं, पदराला निरांजनाची झळ लागेल म्हणून बघत होते.

लाभपंचमीला बाजार उघडला. अक्काचा हात पहिल्यांदा रुमालाखाली गेला, व्यापाऱ्याच्या आणि नानांच्या बोटांमध्ये. संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढता उंबऱ्यावर बसली. "वहिनी, सगळं बिघडलं."

"का? हात नाही घालू दिला?"

"दिला गं. पण एक लबाडी नाही! सगळा सरळ भाव!"

दुसऱ्या दिवशी तिने नानांना गाठलं. "नाना, नेहमीसारखं करा ना."

"आता नाही जमायचं, पोरी," नाना म्हणाले. "ओवाळलंस ना? बहिणीच्या हाताशी खोटं बोट कसं दाबू?"

पुढे रोज हेच. अक्का जिथे बसेल तिथे खरा भाव, उठली की मागे पहिलं सुरू. शेतकऱ्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. ते तिच्या भोवती गाड्या सोडू लागले. ती नसेल तिथे माल कोणी उतरवेना, तेव्हा बाजाराच्या पंचांनी कंटाळून ठरवलं की संक्रांतीनंतर रुमाल बंद, भाव सर्वांदेखत पुकारायचा.

पहिला पुकार ऐकायला ती मला घेऊन गेली. ढिगापाशी उभा राहून एक जण भाव ओरडत होता, आणि शेतकरी तो ऐकून आपसात हिशेब करत होते. अक्का त्यांचा हिशेब ऐकत होती. मग म्हणाली, "चांगलं झालं. हे व्हावं म्हणूनच लिहीत होते. पण माझं होईपर्यंत थांबायला हवं होतं गं."

सरांचं म्हणणं पडलं, जी पद्धत उरलीच नाही आणि जिचा पुरावाही हाती नाही, तिच्यावर प्रबंध उभा राहणार नाही. नवा विषय घ्या. नव्या विषयाला नवं वर्ष लागणार होतं. तेव्हा आबाच विरघळले. भिंतीकडे बघत म्हणाले, "अक्का, अजून एक हंगाम घे. कापूस काय, पुढच्या वर्षीही येईल."

"नाही आबा. तुम्हीच शिकवलंत. रुमाल उचलल्यावर भाव फिरवायचा नाही."

आबांनी तिला खूप समजावलं. यांनीही समजावलं. मी नाही. मला वाटलं, लग्न म्हणजे बरंच, मला नवा शालू होईल. झाला. त्या शालूच्या नादात मी मांडवात तिच्या तोंडाकडे धड पाहिलंदेखील नाही. आज आठवायला जाते, तर मला शालूचे काठ आठवतात, तिचा चेहरा आठवत नाही.

नवरा धुळ्याचाच, पण दुसऱ्या घरचा; मास्तर, भला माणूस. लग्नानंतर शीक म्हणाला, मनापासून म्हणाला. पण सासूचं अंथरूण, दिरांची शिक्षणं, मुलं. दर वर्षी नवा विषय सुचायचा आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचा. मुलं मोठी झाल्यावर ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली. गणितच, पण पोरी म्हणतात की तिच्या गणितांत वांगी विकणारीचं चालणंही धरावं लागायचं. धुळ्यात तिला सगळे एम.ए. झालेल्या बाई म्हणत. कोणी तसं म्हणालं की ती थांबायची आणि दर वेळी, न कंटाळता सांगायची, "झालेली नाही. होत होते." मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, म्हणू द्या ना! कोण विचारायला येतंय?" तर माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, मी तर येते ना विचारायला."

ती गेल्यावर शाळेने तिचा फोटो लावला, आणि मला मुद्दाम अमळनेरहून बोलावून घेतलं. खाली सुबक अक्षरांत नाव, आणि नावापुढे एम.ए. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "आजी, सगळं बरोबर आहे ना?"

मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. आजूबाजूला पाहिलं. दुरुस्त करणारं तिथे कोणी नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."