आईनं धुतलेला फिल्टर

वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या घरी माझ्या छोट्या टर्बो गाडीचं सगळं काम मी अंगणातच करतो. इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून तिला तेल लावलेला महागडा कापडी एअर फिल्टर बसवला होता. एका रविवारी तो काढून ओट्यावर ठेवला आणि तो आवळायचा नवा क्लॅम्प आणायला वर्ध्याला गेलो. परत येतो तर आईनं तो साबणानं धुऊन सावलीत दोरीवर टांगलेला!

"काऊन हात लावला त्याले?" मी फाटकातूनच ओरडलो.

"काळाकुट्ट झालता न रे," एवढंच म्हणून ती आत गेली.

तो वाया गेलाच असं धरून, नवा मागवायला पार्ट नंबर पाहिजे म्हणून मी रागारागानं फिल्टरचा डबा शोधला. त्यावर लिहिलं होतं, अधूनमधून साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा तेल लावा. दीड वर्षात मी तो एकदाही धुतला नव्हता.

वाळल्यावर तेल लावून बसवला. केळझरच्या रस्त्यावर गाडी नव्यासारखी पळाली. परतलो तेव्हा आई दारातच उभी होती.

"बिघडली तं नाई न गाडी?"

"पुढच्या खेपेले विचारजो," मी म्हणालो.

तो डबा मी अजूनही तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतो.