खेळ संपला म्हणणारी

आमच्या घरात त्या हिवाळ्यात चार खारी राहत होत्या आणि त्यातली सगळ्यात कंटाळवाणी मी होते.

खारी आल्या मोबाइलमधून. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला एका कार्टूनचं वेड लागलं होतं. त्यात खारींचं कुटुंब: बाप, आई, मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. रोज नवं सोंग. कधी घराचं जहाज व्हायचं, कधी बाप डोंगर व्हायचा आणि पोरं त्याच्यावर चढायची. बाप खार कशालाच नाही म्हणत नसे. आई खार कुठे असायची? स्वयंपाकात. अगदी शेवटी दारात येऊन ती हिंदीत सांगायची, खेळ संपला, जेवायला चला. तोवर डोंगर डोंगरच राहायचा, सगळे जिथल्या तिथे थांबलेले. मला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

पोरीनं घरात पार्ट वाटून दिले. चार वर्षांचा भाऊ म्हणजे छोटी खार आणि बाप खार अर्थात तिचा बाप. माझा नवरा तसा मोजूनमापून बोलणारा माणूस. लग्नानंतर वर्षभरात माझ्याशी बोलला नसेल तेवढं त्या हिवाळ्यात पोरांशी बोलला. तो म्हैस झाला, राक्षस झाला, मेहकरच्या वाटेवर बंद पडलेली एसटी झाला आणि पोरांनी त्याला अंगणभर ढकलत नेला. मी हसायचे आणि आतून जळायचे. आता खोटं कशाला बोलू?

माझ्याकडे एकच काम. "खेळ संपला, जेवायला चला" हे मी म्हणायचं, आणि मी म्हटल्याशिवाय कोणी हलायचं नाही, असा पोरीचा कायदा. एकदा भाकरी थापताना मी विसरले, तर नवरा अंगणात हात वर करून झाड होऊन उभाच.

"मलेबी एखांदं दुसरं काम दे ना," मी एकदा पोरीला म्हटलं. "मलेबी जहाज होऊ दे."

"मम्मी खेळत नसते," ती म्हणाली. "मम्मी खेळ संपवते."

त्या वर्षी कापूस विकायचा राहिला होता. भाव चढेल म्हणून आमच्या वरवट बकालमध्ये बरेच जण तो घरातच भरून ठेवतात, तसा आम्हीही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत भरला होता. खिडकीच्या वरपर्यंत. भरताना तो पायांनी तुडवावा लागतो, नाहीतर मावत नाही. तुडवायला पोरांनाच सोडलं होतं. अंगावर लाल पुरळ उठलं, खाजवून खाजवून हैराण झाली, तरी बाहेर यायला तयार नाहीत. मीही लहानपणी अशीच कापसात लोळलेली. मऊ वस्तूची भीती कोणाला वाटते? त्या खोलीचं दार उघडलं की एक गरम, कोंदट वास अंगावर यायचा. मी नाकाला पदर लावून दार ओढून घ्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

पोरीनं त्या कापसात ढोली खणली. भिंतीच्या कडेनं, हातानं उपसत उपसत, आडवी. मी बघितली होती. आत वाकून म्हणालेसुद्धा, "वा गं, खरी खारच झाली तू!"

त्या दिवशी संग्रामपूरला आमची मिटिंग होती. मी अंगणवाडीत काम करते. सकाळी निघताना पोरगी म्हणाली, "आज आमी थंडीची झोप खेळतो. तू येशीन अन् म्हणशीन तवाच उठतो."

"अन् मी आलीच नाई तं?"

"तं आमी झोपूनच राहू."

नवऱ्यानं रात्रभर शेतात पाणी दिलं होतं. त्याचे डोळे आधीच मिटत होते, त्याला हा खेळ फारच पसंत पडला.

मिटिंगमध्ये रजिस्टरांवरून बोलणी खाल्ली. त्यात परतताना ऑटोच्या मागे लटकून यावं लागलं. चारच्या सुमारास घरी आले तेव्हा डोकं ठणकत होतं. ओसरीत बाजेवर नवरा आणि पोरगा एका गोधडीत डोळे मिटून पडलेले. नवरा खरंच घोरत होता. पोराच्या पापण्या मात्र थरथरत होत्या आणि ओठ हसू दाबत होते. पोरगी दिसली नाही. असेल कुठेतरी लपून, मला काय! अंगणात भांडी तशीच पडलेली, कोंबड्यांनी ताटात पाय घातलेले. आणि मी काय करायचं? दारात उभं राहून गोड आवाजात यांना उठवायचं.

माझं टाळकं सटकलं. पडू दे म्हटलं. आज मी खेळ संपवतच नाही. बघू किती वेळ दम धरतात.

मी त्यांच्या उशाजवळून गेले. स्वयंपाकघरात चहाचा गंज, म्हणजे पातेलं, मुद्दाम आपटून ठेवला. पाणी, पत्ती, साखर, आलं. चहा चांगला उकळू दिला. मग भिंतीला टेकून बसले आणि फुंकर मारत, सावकाश, एकटीनं प्यायले. खूप दिवसांनी मला कोणाला तरी वाट बघायला लावता आलं होतं आणि मला त्याची मजा वाटत होती. ज्या भिंतीला मी टेकले होते तिच्या पलीकडे कापूस होता.

एक कप संपला. मी उरलेला चहाही ओतून घेतला.

तेवढ्यात पोरगा दारात आला. खेळ मोडल्याबद्दल मी रागावेन म्हणून दबकत, कुजबुजत म्हणाला, "मम्मी, तू म्हण ना. दीदी लय येळची ढोलीत हाये. मी हाका मारल्या तं बोलूनच नाई राह्यली."

मी ओरडून म्हटलं, "खेळ संपला!" कापसाच्या खोलीचं दार ढकललं. "खेळ संपला, जेवायला चला!" ढोलीचं तोंड नव्हतंच. भिंतीकडचा कापूस वरून बसला होता आणि सगळीकडे सारखाच पांढरा दिसत होता. कुठे खणायचं तेही कळेना. माझ्या ओरडण्यानं नवरा धावत आला. तो हातांनी कापूस मागे फेकत होता, मी फेकत होते, आणि जितका उपसावा तितका वरून परत येत होता. मी एकच वाक्य ओरडत होते. चहाचा कप कोणाच्या तरी पायाखाली फुटला.

आधी वेणी हाताला लागली.

तोंड निळसर, अंग घामानं चिंब, नाकात कापूस. नवऱ्यानं तिला उलटी धरली, पाठीत थापट्या मारल्या. कितीतरी वेळानं ती खोकली. मोटरसायकलवर मधे तिला धरून आम्ही संग्रामपूरला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता.

दवाखान्यात नवरा बाहेर सलाइनची बाटली आणायला गेला तेव्हा मी तिला विचारलं, "तू आवाज काऊन नाई देल्ला बाई?"

"झोपेत कोण वरडते?" तिचा घसा बसला होता. "मंग कापूस पडला. मले वाटलं, तू आली आता म्हणशीनच."

"मी आली हे तुले कसं समजलं?"

"गंजाचा आवाज आला ना."

तेवढ्यात नवरा बाटली घेऊन परत आला. तो आजही म्हणतो, माह्या झोपेनं माही पोरगी जात होती. त्यानं महिनाभर दिवसा पाठ टेकली नाही. मी त्याची समजूत काढते. चहाचं मात्र त्याला कधीच सांगितलं नाही.

कापूस आम्ही त्याच आठवड्यात विकून टाकला. खोली झाडून काढली, तरी फटींतून पांढरे पुंजके निघत राहिले. पंधरा दिवस पोरगी खेळली नाही. मग एका संध्याकाळी बाजेवर तिनं परत सगळ्यांना गोळा केलं. बाप जहाज झाला. मी घाईघाईनं पदर खोचून दारात उभी राहिले.

"आता खेळ छोटी खार संपवीन," ती भावाकडे बोट दाखवून म्हणाली.

"अन् मी?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी साधं, पार्ट वाटताना पाहायची तसं.

"तू चहा पे," ती म्हणाली.

नवरा खो खो हसला. खूप दिवसांनी तो असा हसत होता, म्हणून मीही हसले.